आगोगोंच्या वर्तुळात

माझ्या बॅगेत साडेतीन किलो नुसते फ्लिपचार्ट होते. गरोदरपणातली धोक्याची लक्षणं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, जुलाबात साखर-मिठाचं पाणी. चित्रं मूळची आपल्याकडची, बायकांच्या अंगावर नऊवारी. एका चित्रकार मुलीकडून त्या नऊवारीचा चितेंजे करून घेतला होता. चितेंजे म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. तयारी जय्यत होती. नगर जिल्ह्यात पंचवीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं होतं, जामखेडला आरोळे डॉक्टरांच्या गावआरोग्य प्रकल्पात राहून आले होते, त्यातून मी ख्रिस्ती. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ओळखीपाळखीतून उत्तर मालावीतल्या एका मिशन दवाखान्यानं तीन महिन्यांसाठी बोलावलं, तेव्हा आपण शिकवायला चाललोय याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

ते फ्लिपचार्ट तीन महिन्यांत एकदाच उघडले गेले.

सप्टेंबर २०१८. राजधानी लिलाँग्वेहून उत्तरेतल्या मझुझूच्या रस्त्याला निम्मा वेळ झोपेत गेला. चिकांगावाच्या पाइनच्या जंगलात जाग आली तेव्हा थंडी वाजत होती. आफ्रिकेत थंडी वाजेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वेटर फ्लिपचार्टना जागा करण्यासाठी घरीच ठेवला होता.

दवाखान्याच्या सामुदायिक आरोग्य विभागाची प्रमुख पन्नाशीची नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागले. तिला जामखेड माहीत होतं. चर्चच्या दवाखान्यांच्या जगात ते माहीत असतंच: १९६८ साली जिनिव्हात चर्चेसच्या जागतिक परिषदेनं ख्रिश्चन मेडिकल कमिशन काढलं, आणि १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या जागतिक परिषदेआधी या कमिशनमध्ये ज्या मोजक्या गावपातळीवरच्या कामांची चर्चा झाली त्यांत १९७० ला सुरू झालेलं जामखेड होतं. मला वाटलं, आता ही विचारणार, व्याख्यानं कधी ठेवू. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्याला बसा. इथं येणारा प्रत्येक जण आधी बसतो. अबुसासुद्धा बसलेत." अबुसा म्हणजे पाळकसाहेब. खरं सांगायचं तर मला ते लागलं.

हा मझिंबा जिल्हा. इथले बरेच लोक एन्गोनी वंशाचे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या झुलू लढायांपासून निघून त्यांचे पूर्वज इथवर आले. भाषा आता तुंबुका बोलतात, पण पुरुषांकडून चालणारं कूळ आणि लोबोला सोडलेला नाही. लोबोला म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची गुरं. गुरं दिली की बायको सासरची आणि मुलंही सासरची. मालावीच्या मध्य आणि दक्षिण भागात बऱ्याच ठिकाणी याच्या उलट, कूळ आईकडून चालतं. तेव्हा "आफ्रिकेत बायकांची स्थिती कशी असते?" या प्रश्नाला, परत आल्यापासून मला पन्नासदा विचारलेल्या, उत्तर नाही. एका देशातच दोन उत्तरं आहेत.

दवाखान्यांची व्यवस्था सांगते आणि पुढे जाते. देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा भार चर्चच्या दवाखान्यांवर आहे, आणि ते बहुतेक खेड्यांत. सरकारशी करार असेल तिथं बाळंतपणाचे पैसे सरकार भरतं, बाईला फुकट. सरकारचे पैसे रखडले की फुकटची पाटी उतरते. गावात सरकारी आरोग्यसेवक, त्याला एचएसए म्हणतात. त्याच्याकडे सायकल, औषधांची पेटी आणि लस. रोग्याची नोंदवही रोग्याकडेच असते, 'हेल्थ पासपोर्ट'. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चितेंजेच्या घडीत ठेवलेली असते. आपल्याकडे ही एवढी साधी गोष्ट का जमत नाही, हा वेगळा लेख होईल.

दुसऱ्या आठवड्यात एचएसएबरोबर गावात गेले. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगलेला, बायका टाळ्या वाजवत गाणं म्हणताहेत. ते आरोग्याचंच गाणं निघालं. वजनं संपल्यावर एका घरी गेलो. विशीतली सून, दोन महिन्यांचं बाळ, आणि भिंतीशी एक बाटली. आत काळपट पाणी, कुठल्याशा मुळीचं. मी एचएसएमार्फत तिला नीट समजावलं की हे बंद कर, सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी फ्लिपचार्टही उघडला. सून गुडघ्यांवर बसून खाली बघत हो म्हणाली. मागे चटईवर एक म्हातारी शेंगा सोलत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत शेंगा सोलायला लागली.

परत येताना एचएसए म्हणाला, "मॅडम, तुम्ही चुकीच्या माणसाला सांगितलंत. बाटली तिची नव्हती."

त्या रात्री वीज नव्हती. मी पडल्या पडल्या माझ्या सासूबाईंची सहाण आठवत होते. १९९४. माझा मोठा दीड महिन्याचा. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, एकेकाचे मोजून वेढे, वर आईचं दूध. बाळगुटी. मी तेव्हा वर्गात 'निव्वळ स्तनपान' शिकवत होते. आणि घरी चार महिने रोज सकाळी त्या सहाणेकडे पाठ करून केस विंचरत होते. सासूबाईंना बंद करा म्हणायची माझी टाप नव्हती. पगारदार, शिकलेली, स्वतःच नर्स असलेली मी. आणि त्या मुलीला मात्र पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले.

सकाळी सिस्टरला हे सांगितलं तर ती हसली नाही, उलट खूश झाली. म्हणाली, म्हणूनच तर आगोगो. आगोगो म्हणजे आजी, आजोबाही. मझुझूच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर एक्वेंडेनी आहे, १८८९ सालचं स्कॉटिश मिशन. तिथल्या दवाखान्यानं ओळखलं की सुनांना कितीही शिकवलं तरी घरात आगोगोचंच चालतं, मग आगोगोलाच का शिकवू नये? बाळ जन्मलं की लगेच पुसून ऊबेत ठेवायचं, पहिलं चिकाचं दूध टाकायचं नाही, बाईला दवाखान्यात वेळेवर धाडायचं, हे सांगणाऱ्या आज्या तयार केल्या. त्याच दवाखान्यातून २००० साली शेतीचं काम सुरू झालं. एस्थर लुपाफ्या ही तिथली नर्स आणि रेचल बेझनर केर ही कॅनडाची संशोधक. कुपोषित मुलं बरी होऊन घरी जात आणि परत येत. खत महागलेलं, जमीन दमलेली, खायला मका आणि मका. त्यांनी भुईमूग-तूर, सोयाबीन-तूर असं एकत्र लावायला आणि पालापाचोळा जमिनीत गाडायला सांगितलं. पीक आलं. मग कळलं की शेंगा बाईनं लावायच्या, निंदायच्या, सोलायच्या, आणि विकून पैसे नवऱ्यानं बिअरला न्यायचे. पोषणाचं काम तिथं घरातल्या भांडणापर्यंत येऊन पोचलं. पुरुषांना स्वयंपाकाला बसवण्याचे दिवस तिथून सुरू झाले.

जामखेडलाही आधी शेतकरी मंडळं झाली आणि मग महिला मंडळं. हे माझ्या नोट्समध्ये होतं. मी ते परीक्षेला विचारायचेही, तीन मार्कांना.

ऑक्टोबरात प्रशिक्षण. पत्र्याचं छप्पर असलेला चर्चचा हॉल, आत आम्ही बावीस जण: सहा आगोगो, चर्चचे वडील (मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ), दोन गावप्रमुख, एचएसए, नर्सेस, अबुसा आणि त्यांची बायको, उमान्यानोच्या दोघी. उमान्यानो हा तिथल्या मंडळीचा महिला संघ, आपल्या महिला मंडळासारखा, पण शिस्त पलटणीची. पहिला अर्धा तास बसण्यावरून गेला. एरवी पुरुष खुर्च्यांवर, बायका चटईवर. सिस्टर म्हणाली, सगळे एका पातळीवर बसू. एक गावप्रमुख चटईवर बसेना. त्याचं बरोबरच होतं, पद आहे. आगोगो खुर्चीवर बसेनात, पाय लोंबकळतात म्हणून. शेवटी ज्याला जिथं बरं वाटेल तिथं, पण वर्तुळ एकच ठेवायचं, असं ठरलं. मी खुर्ची घेतली. गुडघे.

मग मक्याचे दाणे आले. जमिनीवर खडूनं दिवसाचे चोवीस तास आखायचे, आणि ज्या तासाला काम असेल तिथं एक दाणा. बायकांचा एक गट, पुरुषांचा एक. बायकांचे दाणे पहाटे चारला सुरू झाले, पाणी, झाडलोट, शेत, सरपण, गिरणी, रांधणं, आणि काही तासांवर दोन-तीन दाणे पडले, कारण पाठीवर मूल हे वेगळं काम धरायचं की नाही यावर वाद झाला. धरायचं ठरलं. पुरुषांच्या वर्तुळात दुपारी दोननंतर मोठी मोकळी जागा. गावप्रमुखांनी खुलासा केला, "त्या वेळात आम्ही विचार करतो." सगळ्यात थकलेली दिसणारी एक आगोगो म्हणाली, "विचार झाला की हाक मारा. तोवर मी लाकडं घेऊन येते." हसून हसून हॉल हलला, गावप्रमुखही हसले. 'जेंडर' हा शब्द तिथं फारसा कुणी वापरत नाही, पुरुष चिडवायला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात. निवडणुकीत बायकांना निम्म्या जागा द्या, या जुन्या मोहिमेचं नाव आता चहाच्या टपरीवरचा विनोद झालंय. त्या दिवशी तो विनोद आगोगोंनी वापरला.

मलाही माझ्या घराचे दाणे मांडायला सांगितलं. माझे मांडले. नवऱ्याचे मांडताना दोन दाणे मी उगाच जास्त टाकले. परक्या मुलखात घरची अब्रू! सिस्टरच्या लक्षात आलं असावं, बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तामार.

आदल्या संध्याकाळी सिस्टर मला घेऊन दवाखान्यात गेली. तिनं बायबल उघडण्याआधी कपाट उघडलं. बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची एचआयव्ही-प्रतिबंधक औषधं आहेत का, मुदत बघितली. गर्भधारणा टाळायच्या गोळ्या. पोलिसांच्या पीडित-मदत कक्षातल्या बाईला फोन लावून बघितला, उचलते का. रात्रपाळीला कोणती नर्स आहे आणि तिच्याकडे दार लागणारी खोली आहे का. म्हणाली, "पहिल्या वेळी मी नुसतं वाचन घेतलं. रात्री चार बायका आल्या. आणि माझ्याकडे द्यायला प्रार्थनेशिवाय काही नव्हतं." प्रार्थना कमी आहे असं तिला म्हणायचं नव्हतं. ती रोज पहाटे प्रार्थना करणारी बाई आहे.

ही वाचनाची रीत दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्सबर्गची. तिथल्या उजामा केंद्रानं १९९० च्या दशकात ती बसवली, आणि पुढे 'तामार मोहीम' म्हणून ती आफ्रिकेतल्या अनेक देशांतल्या मंडळ्यांत गेली. दुसरं शमुवेल, तेरावा अध्याय. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, डोळा ठेवतो. चुलतभाऊ योनादाब युक्ती सांगतो: आजारी पड, आणि ती येऊन तुझ्यासमोर खायला करेल असं बापाकडून वदवून घे. बाप तिला धाडतो. अम्नोन सगळ्यांना बाहेर घालवतो. ती नाही म्हणते. तो तिच्यावर जबरदस्ती करतो आणि मग तिचा तिटकारा येऊन नोकराकरवी बाहेर काढून दाराला अडसर घालायला लावतो. ती डोक्यात राख घालून, वस्त्र फाडून रडत जाते. सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बाप रागावतो आणि काहीही करत नाही.

उमान्यानोमधल्या एकीनं तुंबुकात वाचलं. दोनदा, सावकाश, कारण अर्ध्या जणांना वाचता येत नव्हतं. मी माझ्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, बोट ठेवून होते. मग बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, तरुण वेगळे असे गट. प्रश्न आधीच ठरलेले असतात. गोष्ट कशाबद्दल आहे? यातल्या प्रत्येक पुरुषानं काय केलं? तामार काय बोलली, काय केलं? आपल्या मंडळीत अशा बाया आहेत का? त्यांच्यासाठी आपल्याकडे काय आहे? चालवणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही हा नियम. कुणी काहीही म्हणालं तरी सिस्टरचं एकच वाक्य: "ते वचन परत वाचा."

एकत्र बसल्यावर चर्चचे एक वडील म्हणाले, ती ओरडली का नाही? ओरडायला हवं होतं. माझ्या कानशिलात गरम झालं, मी तोंड उघडणार तोच सिस्टर म्हणाली, "बारा आणि तेरा, परत वाचा." परत वाचलं. तामार बोलते. एकदा नाही, एकापुढे एक कारणं देत बोलते: असं करू नकोस, आपल्यात असं होत नाही, मी माझी लाज घेऊन कुठं जाऊ, तुझीही गणना मूर्खांत होईल. वडील गप्प झाले. मग त्या लाकडंवाल्या आगोगोनं विचारलं, "त्यानं सगळ्यांना बाहेर जा म्हटलं, तर ते सगळे गेले कुठं? घर काय डोंगरावर होतं? दाराशीच असतील ना उभे?"

पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते तेवढाच आवाज. माझ्या शास्त्रात ते वचन मी नंतर शोधलं, नववं. इतक्या वर्षांत त्या बाहेर गेलेल्या माणसांकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

'आपल्या मंडळीत काय आहे?' या प्रश्नावर उमान्यानोमधली ज्येष्ठ बाई उठली. तिथं शिस्त म्हणून एक प्रकार असतो. कुमारी मुलीला दिवस गेले की तिचं प्रभूभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर, बंद, काही महिने मागच्या बाकावर बसायचं, मग सगळ्यांसमोर कबुली देऊन परत आत घ्यायचं. ते कसे गेले, हे कुणी विचारत नाही. पोट दिसतं म्हणून मुलगी सापडते, मुलाचं काहीच दिसत नाही. ती म्हणाली, "तामारला आपण मागच्या बाकावर बसवतो. अम्नोन पुढच्या बाकावर बसून भाकर घेतो." हे ती अबुसांकडे न बघता बोलली. अबुसा वहीत लिहीत होते, लिहीतच राहिले.

मग मला विचारलं, तुमच्याकडे ही गोष्ट कशी वाचतात?

आमच्याकडे रूथ आहे, एस्तेर आहे, मार्था-मरिया दर वर्षी आहेत. जन्मापासून मंडळीत वाढले, रविवारची शाळा घेतली, आणि तामारवर एकही उपदेश ऐकला नाही. मी "वाचत नाहीत" म्हटलं आणि खाली बसले. पण बसवेना. बऱ्याच वर्षांपूर्वी वसतिगृहातली एक विद्यार्थिनी रात्री माझ्या खोलीत आली होती. काय झालं ते तिनं अर्ध्या वाक्यात सांगितलं. माणूस दबदब्याचा होता. मी तिला पाणी दिलं, जवळ घेतलं, आणि म्हणाले, "परीक्षा तोंडावर आहे, ती होऊ दे, मग बघू." परीक्षा झाली. ती घरी गेली. मी बघितलं नाही. अबशालोम वेगळं काय म्हणाला होता? हे मी मराठीत बोलले की इंग्रजीत, आठवत नाही. दुभाष्यानं भाषांतर केलं नाही एवढं आठवतंय. शेजारच्या आगोगोनं माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

त्या रात्री दोघी जणी आल्या. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. एकीला उशीर झाला होता, तेवढं सांगते. औषध कपाटात होतं आणि ७२ तासांची अट तिला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं हे, कुणाचं ते न सांगता, वर्तुळात मांडलं. आगोगो आपापसात बोलल्या आणि म्हणाल्या, तास कुणाकडे आहेत? "तिसरा सूर्य मावळायच्या आत" असं म्हणा. आता तिथल्या गाण्यात ते कडवं आहे.

पुढच्या महिन्यात पहिला पाऊस आला आणि त्याच आठवड्यात एका गावात पुरुषांचा स्वयंपाकाचा दिवस. त्यांना चूल पेटवता येईना, ओली लाकडं. बायका चटईवर बसून सूचना देत होत्या, नको तितक्या. जेवणाआधी हात धुवायला भांडं घेऊन गुडघ्यांवर येण्याचं काम एरवी सुनेचं. त्या दिवशी एक धिप्पाड नवरा आला, गुडघे टेकले आणि आपल्याच बायकोच्या हातावर पाणी ओतलं. ती इतकी लाजली की हात मागे घेतला. पाणी चितेंजेवर सांडलं. तमाशा म्हणून ठीक. घरी गेल्यावर कोण ओततं, असं मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "दहांतला एक. तोही दार लावून." मला हा हिशेब आवडला, कारण अहवालात असा हिशेब कुणी लिहीत नाही.

तिथं एका म्हाताऱ्यानं मला पकडलं. मी 'म्वेन्ये', म्हणजे भारतीय. तेव्हा जाब मलाच. "तुम्ही आमची नांदोलो घेणं का बंद केलंत?" नांदोलो म्हणजे तूर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि मालावीत भाव कोसळला, त्याच्या दक्षिणेतल्या जावयाची पोती घरात पडून होती. त्याला काय सांगणार? त्याच हंगामात आमच्याकडे तुरीचं पीक इतकं आलं होतं की बीडचा माझा भाऊ खरेदी केंद्राबाहेर पोती लावून नऊ रात्री ट्रॅक्टरखाली झोपला होता. दुभाष्यानं हे सांगितल्यावर म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मग खाल्ली कुणी?" (पुढे २०२१ मध्ये भारतानं मालावीकडून वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. तो म्हातारा तेव्हा होता की नाही, माहीत नाही.)

मी वरण केलं. तिथं तूर अख्खी शिजवतात. डाळ हवी तर उखळात कांडून सालं काढावी लागली, ते दोन पुरुषांनी केलं. हळद-मोहरी मझुझूहून आणली होती. पुरुषांनी चाखून एकमतानं सांगितलं की हे बाळाचं जेवण आहे. एक आगोगो मात्र वाटी घेऊन बाजूला गेली, बोटानं चाटली, आणि विचारलं, सातव्या महिन्यापासून देता येईल का? तीच आगोगो, मुळीच्या बाटलीची. मी म्हटलं, आमच्याकडे तेच देतात. तिनं विचारलं, त्याआधी काय देता? मी म्हटलं, दूध. आणि मग सहाणेची गोष्ट सांगितली, सगळी, केस विंचरण्यासकट. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. त्यानंतर ती मला नावानं हाक मारायला लागली. बाटलीचं तिनं काय केलं ते मी विचारलं नाही. डिसेंबरात गेले तेव्हा भिंतीशी नव्हती. आत ठेवली असेल, तेही शक्य आहे.

शेवटची बैठक दंडाची. घरी बाळंतपण झालं तर दंड, असा नियम मालावीत बऱ्याच गावप्रमुखांनी केलेला आहे: कोंबडी, बकरी किंवा रोख. हेतू चांगला. पण त्या गावात एका बाईचं मूल दवाखान्याच्या वाटेवर झालं, सायकल-अँब्युलन्स वेळेवर मिळाली नाही, आणि दंडात तिच्या स्वतःच्या तीन कोंबड्या गेल्या. सायकलच्या मागे जोडायची ती गाडी चर्चच्या एका वडिलांच्या अंगणात होती. तिच्यावर मक्याची पोती वाहिली जात होती, एक टायर बसलेला. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. आगोगोंनी बैठकीत एवढंच विचारलं: कोंबड्या कुणी पाळल्या होत्या? दवाखान्यात जायचं की नाही, हे घरात कोण ठरवतं? मग दंड कुणाचा?

गावप्रमुख (तेच, विचार करणारे) दोन तास ऐकत होते. बायकोची कोंबडी दंडात घेतली जाणार नाही, दंड घरधन्याचा, आणि वाटेत झालेल्या बाळंतपणाला दंड नाही, एवढं त्यांनी जाहीर केलं. आठव्या महिन्यानंतर दवाखान्याजवळच्या निवाऱ्यात जाऊन राहणाऱ्या बाईच्या घरी कोण रांधणार, यावर मात्र काही ठरलं नाही. 'सासू' असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या आगोगो एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. त्यांचं तरी वय झालेलं आहे. टायर दुसऱ्या दिवशी बसवला.

मागच्या बाकाचा प्रश्न वडिलांच्या सभेपुढे गेला. तिथून वरच्या सभेकडे पाठवला. सिस्टरचा अधूनमधून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, त्या विषयावर ती लिहिते, "अजून वर आहे."

निघताना उरलेले फ्लिपचार्ट सिस्टरनं ठेवून घेतले, पाठकोऱ्या बाजूला लिहायला होतात म्हणून.

परत आल्यावर मार्चमध्ये आमच्या महिला मंडळाची वर्षाची वाचनं ठरवायची होती. मी दुसरं शमुवेल तेरा लिहून दिलं. छापून आलेल्या यादीत माझ्या नावापुढे रूथ होतं. पाळकसाहेबांना भेटले, तर म्हणाले, बाई, बायकांच्या सभेत हा विषय कशाला, पोरीसोरी असतात. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी हो म्हटलं नाही, पण गुरुवारी हॉलची चावी पाठवून दिली. तोवर मी तालुक्याच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सशी बोलले होते, एका वकीलबाईंचा नंबर तपासून घेतला होता, आणि हॉलच्या मागच्या खोलीची कडी दुरुस्त करून घेतली होती.

सतरा जणी आल्या. खुर्च्या मी वर्तुळात मांडल्या होत्या. दोघी-तिघींनी त्या परत ओळीत केल्या, मी परत वर्तुळात केल्या. एका मुलीला वाचायला दिलं. नवव्या वचनापाशी तिचा आवाज बारीक झाला, तरी तिनं शेवटपर्यंत नेलं. पंखा फिरत होता. कुणी काही बोललं नाही, आणि मीही बोलले नाही, जिभेवर आलेलं सगळं गिळून.

दारापाशी आमच्या मंडळीतल्या ऐंशीच्या एक मावशी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. त्या म्हणाल्या, "परत वाच गं. सावकाश."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं पुस्तकात बोट ठेवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.